‘परत टाकून बघ’ हे उत्तर नव्हे

गेले तीन वीकेंड इथे काही लिहिणं झालं नाही. कारण विचाराल तर एका वाचनालयाचा कॉम्प्युटर. आजचं लिखाण जरा चिडून केलेलं आहे, हे आधीच सांगतो. ज्यांच्यावर चिडलोय त्यात पहिला नंबर माझाच आहे, त्यामुळे कोणी मनाला लावून घेऊ नये.

तर झालं असं. कोकणातल्या आमच्या गावात एक सार्वजनिक वाचनालय आहे. एक मोठी खोली, लोखंडी कपाटं, दाराशी वर्तमानपत्रं वाचायचा बाक, आणि कोपऱ्यात एक कॉम्प्युटर. कोणीतरी देणगी म्हणून दिलेला, साधारण २०१० च्या आसपासचा. त्यावर विंडोज १० अक्षरशः रांगत होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला, आणि विंडोज ११ काही या मशीनवर चढणार नव्हतं. नवा घ्यायला वाचनालयाकडे पैसे नाहीत. तेव्हा मी (फुशारकी मारत) म्हटलं, ‘‘काकू, लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, हलकं आहे, अजून पाच वर्षं मशीन चालेल.’’

मी पुण्यात, मशीन गावात. मग आतेभावाला कामाला लावला. पोरगा हुशार आहे, हात चालतो त्याचा. पेनड्राइव्हवरून बूट व्हायला त्या जुन्या बायोसने ठाम नकार दिला. पण वाचनालयात कधीकाळी आणलेल्या कोऱ्या डीव्हीडींची चवड पडून होती. त्याने त्याच्या मित्राच्या लॅपटॉपवर आयएसओ उतरवली, डीव्हीडी बर्न केली आणि सुरुवात केली. (डिस्ट्रोचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण दोष तिचा नव्हता.) डिस्कवरून लाइव्ह डेस्कटॉप छान उघडला. माऊस चालला, आवाज आला, मराठी फॉन्टसुद्धा दिसले. पार्टिशन निवडायचं काम मी फोनवरून त्याच्याकडून करून घेतलं, विंडोज होतं ते सी फॉरमॅट करून तिथे लिनक्स. इन्स्टॉलेशन सुरू झालं आणि साधारण दोन-तृतीयांशावर अडकलं.

‘‘दादा, कायतरी एरर आलाय.’’

‘‘परत टाकून बघ.’’

हे तीन शब्द नीट बघून ठेवा. या लेखातले सगळ्यात महागडे शब्द आहेत ते.

परत टाकलं. परत तिथेच अडकलं. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, कानात एक मीटिंग आणि हातात दुसरा फोन. म्हटलं, ‘‘जुनं काहीतरी मध्ये येत असेल. अख्खी डिस्क साफ करून टाक, स्वच्छ सुरुवात होईल. बॅकअप घेतलायस ना?’’ तो म्हणाला, ‘‘हो.’’ डिस्क साफ झाली. पुन्हा तिथेच अडकलं. मग मी शहाणपणाने डिस्ट्रो बदलायला सांगितली. ती जरा पुढे गेली आणि अडकली. मग मी अंतिम निदान जाहीर केलं, ‘‘हार्डडिस्क गेलीय रे. नवीन एसएसडी घ्यायला सांग.’’ वाचनालयाच्या वर्गणीच्या पैशातून एसएसडी आली. तिच्यावर पहिलीच डिस्ट्रो पुन्हा टाकली, आणि ते अडकलं कुठे? पहिल्यांदा अडकलं होतं तिथेच.

नव्या कोऱ्या एसएसडीवरसुद्धा त्याच जागी अडकतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरं तर पहिल्या फोनला पडायला हवा होता. मी दर वेळी सगळं बदलायला सांगत होतो. पार्टिशन, डिस्ट्रो, हार्डडिस्क. बदलली नव्हती ती दोनच गोष्टी. डीव्हीडी ज्या चवडीतली होती ती चवड, आणि डीव्हीडी जो वाचत होता तो ड्राइव्ह.

तेवढ्यात काकूंचा फोन. ‘‘अरे, ते आपल्या पुस्तकांच्या यादीचं काय झालं? ती डी मध्ये होती ना.’’

आतेभावाने बॅकअप घेतला होता, खोटं बोलला नव्हता तो. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं होतं. पण आपल्याकडे दुकानदार मशीन देतानाच सांगतो, ‘सी मध्ये काही ठेवू नका, सगळं डी मध्ये ठेवा.’ काकूंनी हा मंत्र इमानाने पाळला होता. साडेआठ हजार पुस्तकांची यादी, लेखक, दाखल क्रमांक, कपाट, खण, सगळं त्यांनी चार वर्षं दुपारच्या वेळात बसून एका एक्सेल फाइलमध्ये भरलं होतं. आणि मी मीटिंगमध्ये बसून ते साफ करायला सांगितलं होतं.

असो. पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी भांडण.

माझं पहिलं भांडण आहे ‘परत टाकून बघ’ या आपल्या राष्ट्रीय उपायाशी. रिस्टार्ट कर, परत टाक, दुसरी डिस्ट्रो टाक. हे निदान नव्हे, हा नवस आहे. कधीकधी फळतो, म्हणून टिकलाय. आम्ही आयटीवाले दिवसभर हेच करतो. तिकीट आलं की पहिलं उत्तर, ‘रिस्टार्ट करून बघितलंत का?’ तिकीट बंद झालं की काम झालं. ऑफिसमध्ये हे खपून जातं, कारण तिथे मागे सर्व्हरचा बॅकअप असतो आणि कोणाची चार वर्षांची दुपार पणाला लागलेली नसते. तीच सवय आपण घरी आणतो, आणि मामाच्या, मावशीच्या, वाचनालयाच्या मशीनवर वापरतो. तिथे प्रत्येक ‘परत’ हा त्या डिस्कवर नव्याने लिहिणं असतो. जुना डेटा परत मिळण्याची शक्यता दर खेपेला थोडी कमी होते.

आणि खरं सांगायचं तर त्या स्क्रीनवर उत्तर लिहिलेलं होतं. उबुंटूच्या युबिक्विटी या जुन्या इन्स्टॉलरचा, आणि तो वापरणाऱ्या इतर डिस्ट्रोंचा, एक प्रसिद्ध मेसेज आहे. पाच नंबरचा इनपुट-आउटपुट एरर. त्याखाली तो सरळ इंग्रजीत सांगतो की बहुधा सीडी किंवा डीव्हीडी खराब आहे, नाहीतर तिचा ड्राइव्ह, नाहीतर हार्डडिस्क. डिस्क पुसून बघा, कमी वेगाने बर्न करा, ड्राइव्हचं भिंग साफ करा, हार्डडिस्क जुनी झालीय का बघा, आणि मशीन जरा थंड जागी हलवा. (हे शेवटचं वाचून लोक हसतात, पण तापलेल्या मशीनने चुका केलेल्या मी स्वतः पाहिल्यात.) एवढं सगळं समोर होतं. आतेभावाने मला सांगितलं ‘कायतरी एरर आलाय’, आणि मी विचारलं नाही की काय लिहिलंय ते वाच. डॉक्टरकडे जाऊन पेशंटने ‘दुखतंय’ म्हणावं आणि डॉक्टरने कुठे ते न विचारता ऑपरेशन सांगावं, तसला प्रकार.

यापलीकडेही मशीन बोलत असतं. लाइव्ह डेस्कटॉपवर टर्मिनल उघडून डीमेसेज ही कमांड दिली की कर्नलची रोजनिशी दिसते. तिथे वाचण्यात अडचण आली की ओळ येते, आणि त्या ओळीत उपकरणाचं नाव असतं. एसआर शून्य असेल तर तो सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह. एसडीए असेल तर ती बहुधा हार्डडिस्क. बस, एवढाच फरक. वाचायला अर्धं मिनिट लागतं. मी हे अर्धं मिनिट वाचवलं आणि वाचनालयाला एसएसडी घ्यायला लावली.

‘पण लाइव्ह डेस्कटॉप तर छान चालत होता की, मग डिस्क खराब कशी?’ हा प्रश्न मला दोघांनी विचारला आणि तो चांगला प्रश्न आहे. लाइव्ह डिस्कवर आख्खी सिस्टीम स्क्वॅशएफएस नावाच्या एका भल्यामोठ्या दाबलेल्या फाइलमध्ये असते. डेस्कटॉप उघडताना त्यातले लागतील तेवढेच तुकडे वाचले जातात. इन्स्टॉल करताना मात्र जवळजवळ सगळे तुकडे वाचून हार्डडिस्कवर उतरवावे लागतात. म्हणजे डिस्कच्या ज्या भागात कधी जायची वेळच आली नव्हती, तिथे पहिल्यांदा जाणं होतं. शिवाय डेटा दाबलेला असल्यामुळे तुकड्यातला थोडासा भाग जरी वाचता आला नाही, तरी तो आख्खा तुकडा उलगडत नाही. चाळण्यात पुस्तक चांगलं वाटतं, आणि वाचायला बसल्यावर मधली आठ पानं गायब निघतात, तसं. त्यामुळे ‘डेस्कटॉप चालला’ हा डिस्क चांगली असल्याचा पुरावा होत नाही.

अडकण्याच्या पद्धतीतही माहिती असते. दर वेळी त्याच टक्क्यावर अडकत असेल आणि ड्राइव्ह घर्रघर्र करत असेल, तर संशय डिस्कवर किंवा ड्राइव्हवर. (तो आवाज म्हणजे ड्राइव्ह तीच जागा वेग कमी करून पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करतोय.) दर वेळी वेगळ्याच जागी, वेगळ्याच एररने पडत असेल, तर संशय रॅमवर किंवा तापण्यावर. मग मेमटेस्ट रात्रभर लावून ठेवायचा. आणि एसडीएचं नाव येत असेल तर कुठलंही इन्स्टॉलेशन थांबवून आधी स्मार्टची आकडेवारी बघायची आणि डेटा बाहेर काढायचा. मरायला टेकलेल्या डिस्कवर ‘परत टाकून बघ’ म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा आहे.

दुसरं भांडण आमच्याच लोकांशी, म्हणजे लिनक्सच्या प्रचारकांशी. ‘एकदम सोपं आहे, नेक्स्ट नेक्स्ट करायचं’ हे आम्ही बारा महिने सांगतो. सोपं आहे हे खरंच. पण त्याआधीची दोन कामं आम्ही गाळतो, कारण ती सांगितली तर सोपं वाटत नाही. पहिलं काम, उतरवलेली आयएसओ तपासणं. डाउनलोडच्या पानावर शा-२५६ ची ६४ अक्षरांची बेरीज दिलेली असते. आपल्या फाइलची बेरीज काढून ती जुळवायची. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी फाइल फेकून द्यायची. आणि हे फक्त अर्धवट डाउनलोडसाठी नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटची साइट फोडून १७.३ सिनॅमन आवृत्तीची लिंक बदलली गेली होती आणि त्या जागी मागचं दार ठेवलेली आयएसओ लोकांना दिली गेली. साइटच फुटली तर तिथली बेरीजसुद्धा बदलता येते, म्हणून तिच्यावरची डिजिटल सही तपासायची सोय असते. आता मला सांगा, आपल्यापैकी किती जण ती सही बघतात? मी दोनदाच बघितलीय, आणि त्यातली एक या वाचनालयाच्या प्रकरणानंतर.

दुसरं काम, बर्न केलेली डिस्क परत वाचून बघणं. बर्न करणाऱ्या प्रोग्राममध्ये पडताळणीची चौकट असते. ती टिक केली की पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, म्हणून आपण करत नाही. आपल्याला वाटतं ‘बर्न यशस्वी’ असं आलं म्हणजे झालं. तसं नसतं. त्याचा अर्थ एवढाच की लेझरने आपलं काम केलं. ते वाचता येतंय का, हा वेगळा प्रश्न आहे. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये खड्डे असतात, घरी बर्न केलेल्या डिस्कमध्ये रंगाच्या थरावर उमटवलेल्या खुणा. उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने तो थर बिघडतो. कोकणातले सात-आठ पावसाळे बघितलेली कोरी डिस्क ही नावाचीच कोरी. २००५ ते २०११ उबुंटू शिपइट योजनेत पोस्टाने फुकट सीडी पाठवायची. आमच्या कंपनीतले सीनियर अजून त्या आठवणी काढतात. त्यांना ‘लिनक्स कधी अडकलं नाही’ असं वाटतं, त्यात त्या सीडींचाही थोडा हात असावा. :-)

‘आता कोण डिस्क वापरतं, पेनड्राइव्ह वापरा की’ असं म्हणणारे असतीलच. वापरा जरूर. पण पेनड्राइव्ह खोटा निघाला तर? बाजारात ६४ जीबी लिहिलेले, आत त्याच्या पावसुद्धा जागा नसलेले पेनड्राइव्ह मिळतात, आणि ते तक्रार न करता सगळं लिहून घेतल्यासारखं दाखवतात. अडकतात ते वाचताना. माध्यम बदललं म्हणून तपासायचं काम रद्द होत नाही.

आणि ‘विंडोजमध्ये असं होत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी, होतं. विंडोजचं सेटअप फाइली उलगडताना ८००७०५७० नंबरचा एरर देऊन बसतं, तो बऱ्याचदा याच जातीचा. फरक इतकाच की विंडोज दुकानातून टाकून आणतात, त्यामुळे तो एरर दुकानदार बघतो. लिनक्स आपण घरी टाकतो, म्हणून शिव्या लिनक्सला.

तिसरं भांडण इन्स्टॉलर बनवणाऱ्यांशी, आणि हे मी इंजिनिअर म्हणून भांडतोय. सिमेंट आलंय की नाही, चांगलं आहे की गोठलेलं, हे न बघता कोणी राहतं घर पाडतं का? मग माध्यम पूर्ण वाचता येतंय याची खात्री नसताना इन्स्टॉलर आधी हार्डडिस्क फॉरमॅट का करतो? अशक्य काही नाही हे. फेडोराच्या बूट मेनूत माध्यम तपासून पुढे जाण्याचा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. उबुंटूने २०२० साली, २०.०४ पासून, बूट होतानाच आपोआप तपासणी सुरू केली. पण दोन्हीकडे ती टाळता येते, आणि घाईतला माणूस टाळतोच. इतर ठिकाणी तपासणी मेनूत कुठेतरी तळाला असते, जिथे फक्त आधी पोळलेला माणूस जातो. माझं म्हणणं साधं आहे. ज्या क्षणी कोणी ‘डिस्क साफ करा’ वर टिचकी मारेल, त्या क्षणी हे माध्यम तपासलेलं आहे का ते बघा. नसेल तर आधी तपासा, मगच पुसा. दहा मिनिटं लागतील. लागू देत. एवी तेवी त्या वेळात आपण स्लाइड शोमधली ‘तुमचे फोटो सांभाळा’ वगैरे चित्रंच बघत बसलेलो असतो.

यावर एक उत्तर मला माहीत आहे, कारण मी स्वतः ते कामावर देतो. ‘बॅकअप घेणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी.’ बरोबर आहे. पण जबाबदारी कोणाची हे ठरवून यादी परत येत नाही. शिवाय काकूंनी काय चुकवलं? त्यांना जे सांगितलं गेलं ते त्यांनी केलं. सी मध्ये ठेवू नका म्हणाले, नाही ठेवलं. बॅकअप घेतो म्हणाले, हो म्हणाल्या. ‘बॅकअप घेतलायस ना’ हा प्रश्नच खोटा आहे. ‘कुठल्या ड्राइव्हमध्ये काय काय आहे ते एकेक उघडून मला सांग’ हा खरा प्रश्न. तो विचारायला मला पाच मिनिटं नव्हती.

तर शेवट. पुढच्या शनिवारी गावाला गेलो. टर्मिनल उघडलं, डीमेसेज दिलं. ओळीच्या ओळी, सगळ्या एसआर शून्यच्या. एसडीएची एकही नाही. बाजारपेठेतल्या रिपेअरवाल्याकडच्या भंगारातला एक डीव्हीडी ड्राइव्ह दीडशे रुपयांत आणला आणि जोडला. तीच डिस्क, तेच मशीन. डिस्कची बेरीज जुळली आणि वीस मिनिटांत इन्स्टॉलेशन पूर्ण. म्हणजे इतका वेळ डिस्ट्रो चांगली होती, हार्डडिस्क चांगली होती, ज्या चवडीवर मी संशय घेतला त्यातली ती डिस्कसुद्धा अजून वाचता येण्याजोगी होती. थकलेला होता तो फक्त ड्राइव्ह.

जुनी हार्डडिस्क नशिबाने टेबलाच्या खणात होती, भंगारात गेली नव्हती. तिच्यावर दोन दिवस फोटोरेक चालवलं. हा प्रोग्राम फाइलींची नावं परत देऊ शकत नाही, नुसते आकडे लावलेले ढिगारे देतो. त्या ढिगाऱ्यात यादीची एक जुनी प्रत सापडली, सहा हजार आणि काही नोंदींची. शेवटच्या प्रतीच्या जागेवर बहुतेक माझं एखादं ‘परत टाकून बघ’ लिहिलं गेलं असावं. राहिलेल्या अडीच हजारांच्या आसपास पुस्तकांच्या नोंदी पुन्हा कराव्या लागणार. काकू रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, ‘‘पुस्तकं तर कपाटात आहेत ना बाळा. परत लिहू.’’

म्हणून सध्या वीकेंडला मी गावाला असतो. काकू पुस्तक उघडून दाखल क्रमांक वाचतात, मी टाइप करतो. आत्तापर्यंत चारशे झाली. दर रात्री फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक माझ्या लॅपटॉपवर जाते, आणि मी ती तिथून उघडून बघतो.

तुमच्याकडेही पुढच्या वेळी असा फोन येईल. भावाचा, काकांचा, शाळेतल्या मास्तरांचा. तोंडावर ते तीन शब्द येतीलच, माझ्याही येतात. ते गिळा आणि म्हणा, ‘‘थांब. कशाला हात लावू नकोस. स्क्रीनवर काय लिहिलंय ते मला अक्षर न् अक्षर वाचून दाखव.’’